पाको दे लुसिया यांचे गिटारवादन: ऐकायला सुरुवात कुठून करावी?

मारवा (धागाकर्ता)

नमस्कार.

जॉन मॅक्लॉफ्लिन, आल दि मेओला आणि पाको दे लुसिया या तिघांनी ५ डिसेंबर १९८० रोजी सान फ्रान्सिस्कोच्या वॉरफिल्ड थिएटरमध्ये केलेल्या मैफलीची ध्वनिमुद्रिका सध्या मी पुन्हापुन्हा ऐकतो आहे. मॅक्लॉफ्लिन यांच्यापर्यंत मी 'शक्ती' या त्यांच्या वाद्यमेळामुळे पोहोचलो, म्हणजे खरे तर उस्ताद झाकीर हुसेन यांच्या तबल्यामुळे. आणि 'शक्ती'चा पहिला टप्पा संपल्यावर मॅक्लॉफ्लिन या गिटारत्रयीकडे वळले, एवढाच माग काढत मी पाकोंपर्यंत आलो. त्यांच्या हाताचा वेग आणि प्रत्येक स्वराची स्वच्छता थक्क करणारी आहे. मात्र चार-सहा वेळा ऐकल्यावर माझ्या लक्षात आले, की टाळ्या पडतात त्या वेगाला, आणि मीही वेगावरच अडकून पडलो आहे. फ्लामेंको या दक्षिण स्पेनमधील गायन, नृत्य आणि गिटारीच्या परंपरेतील जाणकार पाकोंना इतके मोठे का मानतात, हे मला अजून उमगलेले नाही.

माझा कान हिंदुस्थानी कंठसंगीतावर घडला आहे. त्या कानाला काही गोष्टी ओळखीच्या वाटतात आणि काही अजिबात हाती लागत नाहीत. स्वरांमध्ये अधूनमधून भैरवीचा भास होतो, पण ती भैरवी नव्हे हेही लगेच जाणवते. बारा मात्रांचे आवर्तन असल्याचे वाचले होते, म्हणून एकतालासारखे मोजून पाहिले, तर समच सापडत नाही. शिवाय या कलेचे मूळ भारतात आहे असे अनेक ठिकाणी ठामपणे लिहिलेले असते, त्यात तथ्य किती, याचाही उलगडा व्हावा असे वाटते. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे, आणि कोणत्या ध्वनिमुद्रिकांपासून सुरुवात करावी हेही सुचवावे.

लयवेडा

मी फ्लामेंको गिटार शिकणारा विद्यार्थी आहे, त्यामुळे समेच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. वेगापलीकडे काय आहे याचे निम्मे उत्तर तिथेच मिळेल असे मला वाटते.

फ्लामेंकोमध्ये लयीच्या आवर्तनाला 'कोंपास' म्हणतात आणि गाण्याच्या वेगवेगळ्या प्रकारांना 'पालो'. प्रत्येक पालोचा कोंपास, स्वरांचा घाट आणि भाव ठरलेला असतो. तांगो, रुंबा हे चार मात्रांच्या अंगाने जातात, काही प्रकार मुक्त लयीत गातात-वाजवतात, पण या संगीताचा कणा म्हणजे बारा मात्रांचे पालो. त्यांतला 'सोलेआ' घ्या. एक ते बारा सावकाश मोजा आणि टाळी तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर द्या. आपला एकताल दोन-दोन मात्रांच्या सहा समान विभागांत चालतो. इथे आधी तीन-तीनचे दोन गट आणि मग दोन-दोनचे तीन गट येतात, आणि वजन गटाच्या आरंभावर न पडता शेवटावर पडते. तुम्हाला सम सापडत नाही त्याचे कारण हेच आहे. पहिली मात्रा ही येऊन विसावण्याची जागा नाहीच. वादक किंवा गायक आपले वाक्य बहुधा दहाव्या मात्रेवर पूर्ण करतो आणि अकरा-बारा या मात्रा श्वास घेण्यासाठी उरतात. हाच सांगाडा द्रुत लयीत धावू लागला की त्याची 'बुलेरिया' होते, आणि हेच आवर्तन आठव्या मात्रेपासून मोजायला घेतले की दोन, दोन, तीन, तीन, दोन अशा वजनाची 'सिगिरिया' तयार होते.

आता पाकोंकडे येऊ. तर्जनी आणि मध्यमा आळीपाळीने चालवून एकेक स्वर सुटा काढण्याला 'पिकादो' म्हणतात, आणि तुम्ही ज्या वेगाविषयी लिहिले आहे तो बहुतांशी पिकादोचा वेग आहे. तो असामान्य आहे हे खरेच, पण माझ्यासारख्या शिकणाऱ्याला छळते ती दुसरी गोष्ट. त्यांची तान मात्रेच्या अलीकडे किंवा पलीकडे कुठेतरी सुरू होते, एका आवर्तनाची हद्द ओलांडून दुसऱ्यात शिरते, मधले सगळे वजन उलटेपालटे करते, आणि ऐकणाऱ्याचा हिशेब पुरता चुकलेला असताना दहाव्या मात्रेवर नेमकी येऊन थांबते. आपल्याकडे अतीत-अनागताचा, म्हणजे समेच्या आगेमागे येण्याचा, आनंद घेणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तो वेग त्या हिशेबासाठी राबतो. केवळ वेगासाठी वेग असा त्यांच्या एकल वादनात क्वचितच आढळतो. सान फ्रान्सिस्कोच्या मैफलीत मात्र तिघांची चुरस असल्यामुळे वेग पुढे येतो आणि हिशेब मागे राहतो, म्हणून सुरुवात करण्यासाठी ती ध्वनिमुद्रिका मला सोयीची वाटत नाही.

त्याऐवजी १९८७ सालची 'सिरोको' ऐका. तीत नीन्यो रिकार्दो या ज्येष्ठ वादकाला वाहिलेली एक सोलेआ आहे. ती ऐकताना सुरुवातीची काही आवर्तने फक्त टाळी द्या, स्वरांकडे लक्ष देऊ नका. नंतर अंगठ्याकडे कान द्या. एकाच अंगठ्याने तारेवर खाली, वर आणि पुन्हा खाली असा आघात करण्याची 'आल्सापुआ' नावाची पद्धत आहे, आणि खर्जाच्या तारांवरचा त्यांचा अंगठा पखवाजाच्या खुल्या बोलांइतका भरीव वाजतो. मधूनच लाकडावर टक् असा आवाज येतो, तो अनामिकेने गिटारीच्या पोटावर दिलेला 'गोल्पे' होय; तिथे लाकूड झिजू नये म्हणून पातळ प्लास्टिकची चकती चिकटवलेली असते. लाकूड, तार आणि बोट यांतून एकच माणूस ठेका आणि गाणे दोन्ही सांभाळतो आहे, हे त्या वादनात स्वच्छ दिसते.

साथसंगत

लयवेडा यांनी उत्तम लिहिले आहे, पण 'सिरोको' हा आरंभबिंदू मला पटत नाही. पाको हे प्रथम साथीदार होते, आणि त्यांच्या एकल वादनातील प्रत्येक गुण गायकाच्या शेजारी बसून कमावलेला आहे. म्हणून त्यांच्या चरित्राविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

त्यांचे खरे नाव फ्रान्सिस्को सांचेस गोमेस. जन्म २१ डिसेंबर १९४७, स्पेनच्या दक्षिण टोकाला, कादिस प्रांतातील आल्खेसिरास या बंदराच्या गावी. आई लुसिया मूळची पोर्तुगालची. गल्लीत पाको नावाची मुले बरीच असल्यामुळे ज्याची-त्याची ओळख आईच्या नावाने पटवली जाई, आणि तीच ओळख पुढे जगभर गेली. वडील आंतोनियो सांचेस दिवसा कापड विकत आणि रात्री मद्यालयांत येणाऱ्या श्रीमंतांच्या मैफलींत गिटार वाजवून घर चालवत. ही दगदग मुलांच्या वाट्याला येऊ नये म्हणून त्यांनी मुलांना पक्के कलावंत करायचे ठरवले आणि त्यासाठी अत्यंत कडक शिस्त लावली. परिस्थितीमुळे पाकोंची शाळा लहानपणीच सुटली आणि दिवसाचे कितीतरी तास गिटार हाती राहू लागली. थोरला भाऊ रामोन गिटार वाजवी, धाकट्या पाकोला नीन्यो रिकार्दो यांच्या रचना तोच शिकवी. दुसरा भाऊ पेपे गात असे. पाको आणि पेपे या दोघा लहान भावांच्या ध्वनिमुद्रिका १९६० च्या दशकाच्या आरंभीच निघाल्या होत्या. खेरेस येथील स्पर्धेत पाकोंना विशेष पारितोषिकही लहान वयातच मिळाले होते.

किशोरवयातच ते खोसे ग्रेको यांच्या नृत्यपथकाबरोबर अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांची गाठ साबिकास यांच्याशी पडली. स्पेनमधील यादवी युद्धामुळे देश सोडावा लागलेले साबिकास त्या काळी फ्लामेंको गिटारीतले अखेरचे प्रमाण मानले जात. त्यांनी या मुलाचे वादन ऐकले आणि दुसऱ्याच्या रचना वाजवत बसू नकोस, स्वतःचे काही कर, असा सल्ला दिला. तोवर पाको रिकार्दो यांच्या वाटेने जात होते. घराण्याची तालीम पूर्ण झालेल्या शिष्याला बाहेरच्या बुजुर्गाने असे सांगावे आणि त्याने ते मनावर घ्यावे, ही आपल्यालाही समजण्यासारखी घटना आहे. पाकोंनी ते मनावर घेतले.

मग आला गायक कामारोन दे ला इस्ला. कादिसजवळच्या सान फेर्नांदो गावच्या लोहाराघरचा हा हितानो, म्हणजे स्पेनमधील रोमा समाजातला मुलगा. पाकोंपेक्षा तीन वर्षांनी लहान. १९६९ ते १९७७ या काळात दोघांनी मिळून जवळजवळ दरवर्षी एक ध्वनिमुद्रिका काढली. माझ्या मते पाको समजून घ्यायचे असतील तर या ध्वनिमुद्रिकांना पर्याय नाही. फ्लामेंकोमध्ये गायन श्रेष्ठ, आणि गिटारवादकाने दोन कडव्यांच्या मधल्या जागेत 'फाल्सेता' नावाची छोटी सुरावट वाजवावी, असा रिवाज. पाको गायकाच्या ओळीखाली फारच थोडे वाजवतात. एखादाच झंकार, एखादा गोल्पे. कामारोनचा आवाज वर चढून चिरकल्यासारखा होतो तेव्हा ते हात आवरतात, आणि ओळ संपता संपता दोन मात्रांत असे काही बोलून जातात की पुढची ओळ तिथूनच उगवल्यासारखी वाटते. हार्मोनियमच्या साथीत गायकाची जागा नेमकी उचलणारे आणि तिच्यावर कुरघोडी न करणारे वादक आपण ऐकले आहेत. हा त्याच जातीचा संयम आहे. ज्याने ही वर्षे ऐकली आहेत, त्याला 'सिरोको'मधील प्रत्येक थांबण्यामागे न ऐकू येणारा एक गायक जाणवतो.

२ जुलै १९९२ रोजी, वयाच्या अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, कामारोन कर्करोगाने गेला. त्यानंतर ध्वनिमुद्रिकांच्या मानधनावरून आणि हक्कांवरून पाकोंविषयी नको ते बोलले गेले, आणि मित्राच्या मृत्यूइतकाच तो घाव त्यांना लागला. काही काळ त्यांनी वादन जवळजवळ थांबवले. १९९८ मध्ये 'लुसिया' ही ध्वनिमुद्रिका आली. ती आईच्या आठवणीसाठी आहे, पण तिच्यातील एक रचना कामारोनच्या नावाने आहे आणि तीत आयुष्यभर न गायलेले पाको स्वतः गातात. त्यांचा आवाज गायकाचा नाही. तरीही ती रचना मला त्यांच्या सर्वांत प्रामाणिक कामांपैकी एक वाटते.

अनवट

स्वरांबद्दल आणि मूळ भारतात असण्याबद्दल थोडक्यात लिहितो.

भैरवीचा भास होतो तो बरोबर आहे. या संगीताचा मुख्य घाट रे, ग, ध आणि नी हे चारही कोमल असलेला, म्हणजे आपल्या भैरवी थाटाचाच आहे. फरक पडतो तो गिटारीमुळे. मध्यम, कोमल गंधार, कोमल रिषभ आणि षड्ज अशा उतरत्या स्वरांवर एकामागून एक स्वरसमूह (कॉर्ड) वाजवत खाली यायचे, ही फ्लामेंकोची अगदी ओळखीची चाल आहे. आणि शेवटच्या षड्जावर येताना जो स्वरसमूह वाजतो त्यात गंधार शुद्ध असतो. त्यामुळे उतरताना कोमल गंधार आणि विसावताना शुद्ध गंधार असे दोन्ही कानी पडतात. ज्या क्षणी शुद्ध गंधार लागतो त्या क्षणी भैरवी निघून जाते आणि बसंत मुखारीची सावली येते. कोमल रिषभावरून षड्जावर घसरताना जो ताण सुटतो, तो पाको फार वेळ लांबवतात, आणि या प्रकारच्या वादनात मला तरी हीच जागा सर्वांत सुंदर वाटते.

मुळाविषयी मात्र सावध राहावे. रोमा लोकांची भाषा भारतीय-आर्य कुळातली आहे आणि त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, हे भाषाशास्त्राने पक्के केले आहे. ते स्पेनमध्ये पोहोचल्याचे उल्लेख पंधराव्या शतकापासून मिळतात. पण आज आपण ज्याला फ्लामेंको म्हणतो ते अठराव्या शतकाच्या अखेरीपासून कादिस, खेरेस आणि सेव्हियाचा त्रियाना भाग या पट्ट्यात आकाराला आले, तेही हितानो समाज, आंदालुसिया या दक्षिण स्पेनच्या प्रांताचे लोकसंगीत, मूर म्हणजे उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांचा जुना वारसा आणि लॅटिन अमेरिकेतून परत आलेल्या चाली यांच्या मिश्रणातून. मधल्या इतक्या शतकांवर उडी मारून फ्लामेंको नृत्याला कथ्थकची मुलगी ठरवणे हा त्या गरीब, छळ सोसलेल्या माणसांच्या स्वतःच्या निर्मितीवर अन्याय आहे. पाको स्वतः हितानो नव्हते, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे. ते त्यांच्या शेजारात वाढले आणि त्यांच्यात बसून शिकले.

मारवा (धागाकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. काल कामारोनबरोबरच्या ध्वनिमुद्रिका ऐकल्या आणि टाळी देत सोलेआही मोजली. दहाव्या मात्रेचे रहस्य कळल्यावर ऐकण्याची दिशाच बदलली.

आणखी एक शंका आहे. पाकोंनी परंपरा मोडली असा आक्षेप त्यांच्या हयातीत घेतला जात असे, असे दिसते. बासगिटार, बासरी, सॅक्सोफोन ही वाद्ये घेतल्यामुळे हा विरोध होता, की त्यामागे आणखी काही होते?

लयवेडा

आक्षेप होताच, आणि तो वाद्यांपुरता नव्हता. १९७३ च्या 'फुएंते इ काउदाल' या ध्वनिमुद्रिकेत 'एंत्रे दोस आग्वास' ही रुंबा आहे, बाँगो आणि बासगिटारीच्या साथीने जवळजवळ आयत्या वेळी रचलेली. ती स्पेनभर गाजली आणि १८ फेब्रुवारी १९७५ रोजी माद्रिदच्या तेआत्रो रेआल या प्रतिष्ठित सभागृहात पाकोंचे एकल वादन झाले. मद्यालयात, नृत्याच्या आणि गाण्याच्या मागे वाजणारी गिटार अशा सभागृहात एकटी मध्यभागी बसणे, हा परंपरानिष्ठांना मानाचा क्षणही वाटला आणि धोक्याची सूचनाही. ही वाट अगदीच नवी नव्हती. रामोन मोंतोया यांनी १९३६ मध्ये पॅरिसमध्ये एकल वादनाचे ध्वनिमुद्रण केले होते. पण तरुण पिढी थव्याने या वाटेला लागली ती पाकोंमुळे.

बसण्याची पद्धतदेखील त्यांनी बदलली. आधीचे वादक उजव्या मांडीवर गिटार उभट धरत. पाको उजवा पाय डाव्या पायावर टाकून गिटार आडवी ठेवत, आणि आज कोणत्याही फ्लामेंको वर्गात बहुतेक विद्यार्थी तसेच बसलेले दिसतात.

वाद्यांपैकी सर्वांत खोल रुजले ते 'काखोन'. हे पेरू देशातील आफ्रिकी वंशाच्या लोकांचे वाद्य, म्हणजे लाकडी पेटी. वादक तिच्यावरच बसतो आणि पुढची पातळ फळी हातांनी वाजवतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिमा येथे पाकोंनी काइत्रो सोतो या वादकाकडून ती ऐकली आणि एक पेटी सोबत आणली. पायांचा ठेका आणि टाळ्या या दोन्हींचा पोत तिच्यात होता, आणि तिची रुबेम दांतास या ब्राझिलियन तालवादकाच्या हातून फ्लामेंकोत अशी भर पडली की आज अनेक श्रोत्यांना काखोन मूळचे आंदालुसियाचेच वाटते. दांतास, बासवर कार्लेस बेनाव्हेंत, बासरी-सॅक्सोफोनवर खोर्खे पार्दो आणि रामोन व पेपे हे दोघे भाऊ, असा पाकोंसह सहा जणांचा त्यांचा ताफा होता. १९८१ ची 'सोलो किएरो कामिनार' ऐकली तर ही सगळी वाद्ये कोंपासच्या शिस्तीत कशी वागतात हे कळेल. बासरी जॅझच्या वळणाने जाते, पण विसावते फ्लामेंकोच्या जागी.

साथसंगत

यात एक पुरवणी जोडतो. जॅझच्या वादकांबरोबर बसताना तत्काळ रचना करणे सुरुवातीला फार जड गेले, हे पाकोंनी स्वतः मोकळेपणाने सांगितले होते. त्या शिक्षणातून मिळालेले अनोळखी स्वरसमूह त्यांनी नंतर सोलेआ-बुलेरियात आणले, आणि आक्षेपाचे मोठे कारण तेच होते. माझ्या मते परिणाम चांगलाच झाला, कारण त्यांनी स्वरसमूह बदलले तरी वजनाला हात लावला नाही. १९९१ मध्ये त्यांनी खोआकिन रोद्रिगो यांचा 'आरांखुएस कॉन्सेर्तो' वाद्यवृंदाबरोबर वाजवला, तोही वृद्ध रोद्रिगो यांच्या उपस्थितीत. स्वरलिपी वाचण्याची सवय नसलेल्या माणसाने ही रचना हाती घ्यावी, याचे अभिजात गिटारवादकांना आश्चर्य वाटले. त्यांच्या नादाची गोलाई अभिजात वादकांइतकी नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण पहिल्या भागातील झंकारांची लय इतकी ताठ आणि चपळ मी अन्यत्र ऐकलेली नाही, आणि ती लय मुळात फ्लामेंकोच्या रासगेआदोतून, म्हणजे बोटे एकामागून एक तारांवर उलगडण्याच्या पद्धतीतूनच, आलेली आहे.

क्रम विचारलात म्हणून सांगतो. कामारोनबरोबरचे काम ऐकून झाले आहेच, तर आता १९७६ ची 'आल्मोराइमा' घ्या. सान फ्रान्सिस्कोच्या मैफलीत तुम्ही ऐकलेल्या 'रिओ आंचो'ची मूळ आवृत्ती तिच्यातच आहे. त्यानंतर 'सिरोको', मग नवव्या शतकात बगदादहून कोर्दोबाला आलेल्या संगीतकाराच्या नावाची 'झिर्याब', जी १९९० मध्ये आली आणि जिच्यात चिक कोरिया पियानोवर आहेत, आणि शेवटी 'लुसिया'. २५ फेब्रुवारी २०१४ रोजी मेक्सिकोत हृदयविकाराने पाकोंचे निधन झाले, आणि त्याच वर्षी 'कान्सिओन आंदालुसा' ही त्यांची अखेरची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. लहानपणी आल्खेसिरासमध्ये रेडिओवर ऐकू येणाऱ्या 'कोप्ला' या लोकप्रिय गीतप्रकारातली गाणी त्यांनी तीत वाजवली आहेत. ती ऐकण्याआधी मूळ गाणी गायलेली ऐकून घ्या. शब्द माहीत असले म्हणजे कोणत्या अक्षरावर ते रेंगाळतात आणि कुठले अक्षर मुद्दाम गाळतात हे नेमके लक्षात येते.